गोव्यातल्या घरासाठी सौरऊर्जा आणि इतर पर्याय: बिलापासून छपरापर्यंत

सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोवॅटचं बसवू?" खरं तर हा चौथा-पाचवा प्रश्न. त्याआधी बिल कोणाच्या नावावर येतं, ते कुठल्या टप्प्यापर्यंत चढतं, छप्पर कौलांचं की स्लॅबचं आणि दक्षिणेच्या बाजूला माड किती, हे कळायला हवं. गोव्यात या चार गोष्टींवर अख्खा हिशेब फिरतो.

गोवा आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेतो. त्यातला मोठा वाटा कोरबा, विंध्याचल अशा कोळशावर चालणाऱ्या केंद्रीय प्रकल्पांचा. तरीही घरगुती दर महाराष्ट्राच्या मानाने बरेच कमी आहेत. त्यामुळे सावंतवाडीच्या पाहुण्याचे पैसे चार वर्षांत वसूल झाले म्हणून पेडण्यात तुमचेही होतील, असं धरून चालू नका. जाहिरातीतला हिशेब बहुधा महाग विजेच्या राज्यातला असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: गोव्यातल्या बहुतेक घरांना लहान संच पुरतो, आणि काही घरांना सोलर पॅनलपेक्षा पंखे बदलणं जास्त फायद्याचं.

पहिली पायरी: वर्षभराची बिलं समोर ठेवा

एका महिन्याचं बिल पाहून काही ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये एसी चालतो, चवथीला घर माणसांनी भरतं, डिसेंबरात पंखेसुद्धा बंद असतात. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर मांडा आणि महिन्याची सरासरी काढा.

मग टप्पे पाहा. आपल्याकडे घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांत चढत जातो आणि चारशेच्या वर सगळ्यात महाग टप्पा लागतो. सोलरचा प्रत्येक युनिट तुमच्या बिलातला सगळ्यात महाग युनिट आधी कापतो. महिन्याला ३५० युनिट लागणाऱ्या घरात १ किलोवॅटचा संच सरासरी ११० ते १२० युनिट देतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातला खर्च तो उडवतो. दुसरा किलोवॅट त्याखालचा टप्पा कापतो, तिसरा जवळपास सगळ्यात स्वस्त टप्प्यात पोचतो. पहिल्या किलोवॅटची कमाई सर्वांत जास्त, शेवटच्याची सर्वांत कमी. विक्रेता हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला मोठा संच विकायचा असतो.

सरासरी १५० युनिटांच्या आत असेल तर पॅनलचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि घरातले पंखे मोजा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा साधारण ३०. पाच पंखे रोज दहा तास फिरत असतील तर महिन्याला ६५-७० युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॅटचं पॅनल जेवढं देतं, त्याहून हे जास्त. शिवाय पंख्याला पंचायतीची परवानगी लागत नाही आणि पावसाळ्यात त्याची बचत घटत नाही.

घर वर्षातले दहा महिने बंद असेल, मालक मुंबईत आणि फक्त चवथीला व मे महिन्यात येणं-जाणं, तर हा लेख इथेच मिटलात तरी चालेल. बंद घरावर संच बसवून, वीज खात्याला पाठवलेल्या आणि वर्षअखेरीला उरलेल्या युनिटांचे जे किरकोळ पैसे मिळतात, त्यात गुंतवणूक निघत नाही.

न्हाणीतलं गरम पाणी

गोव्यातल्या जुन्या घरांत अक्षय ऊर्जा फार आधीपासून आहे. न्हाणीत तांब्याचं भाण, खाली माडाची सोडणं, करवंट्या, सुकी चुडतं. आजही सत्तरी, सांगे, काणकोणात हे चालू आहे. ज्यांच्या परसात माड आहेत त्यांनी गिझरच्या हौसेपायी भाण मोडीत काढू नये. धुराचा त्रास असेल तर चुलीला सिमेंटच्या पाइपाचं धुराडं करून घ्या, सरपण कोरडं ठेवा. खर्च नगण्य आणि पाणी दोन तास गरम राहतं.

ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी सोलर वॉटर हीटर बघावा. दोन किलोवॅटचा गिझर दिवसाला तासभर चालला तर महिन्याला ६० युनिट जातात. चौघांच्या घराला बादलीने आंघोळ असेल तर १०० लिटरचा हीटर पुरतो, शॉवरची सवय असेल तर १५० ते २००. प्रकार दोन. काचेच्या निर्वात नळ्यांचा स्वस्त असतो आणि ढगाळ हवेतही बऱ्यापैकी चालतो, पण विहिरीचं पाणी जड असेल तर नळ्यांच्या तळाशी क्षार साचतात. त्या वर्षातून एकदा काढून धुवाव्या लागतात. तांब्याच्या पत्र्याचा सपाट हीटर महाग, पण टिकाऊ. नारळ किंवा माकड पडण्याची शक्यता असेल तिथे मी सपाटच घेईन.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोव्यात गरम पाण्याची खरी ओढ जुलै-ऑगस्टमध्ये लागते, आणि नेमकं तेव्हाच ऊन नसतं. म्हणून टाकीत विजेचं कॉइल असलेला हीटर घ्या आणि त्याला वेगळा स्विच द्या. उन्हाळ्यात तो स्विच चुकून चालू राहिला तर सगळी बचत वाहून जाते.

गोठा असेल तर गोबरगॅस

२ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. गावठी गुरं असतील तर पाच-सहा. घनमीटरभर गॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी, तेव्हा २ घनमीटरचं संयंत्र नीट चाललं तर महिन्याला पावणेदोन-दोन सिलिंडर वाचतात. कुळागर (पोफळीची बाग) असलेल्यांना याहून मोठा लाभ बाहेर पडणाऱ्या मळीचा. ती पोफळीला आणि मिऱ्यांच्या वेलांना थेट देता येते.

गोठा नसेल आणि नुसत्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर छोटं संयंत्र चालवायचं असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. चार माणसांच्या घरात चहा आणि एखादी भाजी होईल इतकाच गॅस मिळतो. उरलेला भात, पेज, पिकलेली फळं, भाज्यांची सालं टाका. तिसऱ्यांची कवचं, कुर्ल्यांच्या नांग्या, हाडं, सोडणं टाकू नका, ती तळाशी जाऊन बसतात. माशाची आतडी थोडी चालतात, बादलीभर घातली की शेजारी बोलायला येतो. पावसाचं पाणी टाकीत शिरता कामा नये, मिश्रण पातळ झालं की गॅस बसतो. मोठ्या प्रमाणावर हेच काम साळगावच्या कचरा प्रकल्पात चालतं.

पवनचक्की आणि व्हाळाचं पाणी

घरगुती पवनचक्की गोव्यात नको. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनात बदलते. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने वारा मंद, पावसात झंझावाती आणि घराभोवती झाडी. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवर फिरताना दिसते ती शोभेला ठीक.

सत्तरी, धारबांदोडा, काणकोणात बारमाही व्हाळ (ओढा) परसातून जात असेल तर सूक्ष्म जलविद्युत शक्य आहे. ढोबळ सूत्र: सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर उंचीवरून पडतं, गुणिले पाच, म्हणजे तेवढे वॅट. पाच लिटर पाणी दहा मीटरवरून आलं तर २५० वॅट, दिवसाचे सहा युनिट. माप मात्र एप्रिलमध्ये घ्या, ऑगस्टमध्ये नव्हे. आणि जागा अभयारण्याच्या किंवा वनखात्याच्या हद्दीत येत असेल तर परवानगीशिवाय पाइपसुद्धा टाकू नका.

आता मुख्य विषयाकडे.

छप्पर आणि सावली

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. हल्लीचं ५४० ते ५५० वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. तीन किलोवॅटला अशी सहा पॅनल.

स्लॅब असेल तर प्रश्न नाही. पावसाच्या गळतीसाठी स्लॅबवर पत्रे घातलेले असतील तर पत्र्याखालच्या लोखंडी पर्लिनला (आडव्या पट्टीला) क्लॅम्प मारून पॅनल बसवता येतात. पत्र्याला नुसता स्क्रू मारून काम उरकू देऊ नका.

खरी कसोटी कौलारू घराची. मंगळुरी कौलांवर पॅनल बसवायचं म्हणजे एक रांग उचलून स्टेनलेस स्टीलचा हूक थेट वाशावर आवळायचा. रीप दीड-दोन इंचांची पट्टी, तिच्यावर मारलेला हूक पहिल्याच वादळात उपटतो. हूक जिथून बाहेर येतो तिथे कौलाची खालची कड घासून खाच करावी लागते, नाहीतर कौल उचललेलं राहतं आणि पाऊस आत येतो. पन्नास-साठ वर्षांची कौलं पाय पडला की तडकतात, त्यामुळे दोन-तीन डझन जादा कौलं आधीच आणून ठेवा. वजनाची भीती सगळे घालतात, पण ते चौरस मीटरला बारा-पंधरा किलोच भरतं. वासे वाळवीने पोखरलेले नसतील तर पेलतात. मोठा धोका वारा खालून शिरून पॅनल उचलतो त्याचा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कितीतरी घरांचे पत्रे कुठल्या कुठे गेले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझा कल असा की मूळ घराच्या कौलांना हात लावू नये. बहुतेक घरांच्या मागे स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीचा स्लॅब असतो, बाजूला गाडीची शेड असते. दोन किलोवॅट तिथे सहज मावतात.

सावलीसाठी साधं गणित करा. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. पंधरा मीटरचा माड आणि चार मीटरवर छप्पर असेल, तर छपराच्या पातळीवर माडाची सावली दुपारी नऊ मीटर उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला याहून बरीच लांब. म्हणून छपराच्या दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेला काय उभं आहे ते पाहा. उत्तरेचे माड बहुधा त्रास देत नाहीत. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो खरा, पण डोक्यावर असल्याने सावली आखूड पडते.

एका चुडताची सावलीसुद्धा हलकी धरू नका. साध्या सोलर इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर) सगळी पॅनल एका माळेत जोडलेली असतात आणि एकावर सावली आली की माळेचं उत्पादन घसरतं. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावतात. खर्च वाढतो, पण झाडीतल्या वाड्यांवर तो योग्य ठरतो. माड तोडून टाकणं हा उपाय सुचवणारा वेंडर भेटला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. माडाच्या बुंध्यापासून पॅनल निदान चार-पाच मीटर दूर हवीत, आणि पाडेली (नारळ पाडणारा) येईल त्या दिवशी घरातलं कोणीतरी खाली उभं राहिलेलं बरं.

पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल १० ते १५ अंश ठेवा. दहाच्या खाली कल असेल तर पाणी खालच्या कडेला साचून शेवाळ धरतं.

कागद: इथेच सगळं अडतं

सोलरला केंद्राचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज ज्याच्या नावावर वीज कनेक्शन आहे त्याच्या नावाने करावा लागतो. गोव्यातल्या जुन्या घरांचं कनेक्शन हमखास आजोबांच्या नाहीतर वडिलांच्या नावावर, ते जाऊन वीस वर्षं झालेली, आणि इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेलीच नाही. चार भाऊ, दोन बहिणी, एक लिस्बनला. पॅनलवाला यायच्या आधी वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन कनेक्शन राहणाऱ्याच्या नावावर करून घ्या. घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची लेखी हरकत नसल्याची पत्रं, आधार, जुनं बिल सोबत न्या. नाव बदलताना आधार, बिल आणि बँक खातं या तिन्हींवर स्पेलिंग एकसारखं आहे ना ते अक्षर न अक्षर तपासा. एका ठिकाणी 'नाईक' आणि दुसरीकडे 'नायक' असेल तरी अनुदान लटकू शकतं.

मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घरात कनेक्शन स्वतःच्या नावावर असेल तर छपरावरच्या संचासाठी अर्ज करता येतो. परसात वेगळा चौथरा बांधायचा तर भाटकाराशी (जमीनमालकाशी) आधी बोलून घ्या. स्लॅबवर उंच सांगाडा उभारायचा असेल तर पंचायतीत किंवा पालिकेत विचारून मगच काम सुरू करा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं छप्पर सोसायटीचं. तिथे पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीने मिळून संच घ्यावा. त्यासाठी किलोवॅटला १८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि खरं काम ठराव मंजूर करून घेण्याचंच असतं.

किती किलोवॅट, किती पैसे

गोव्यात १ किलोवॅट वर्षाला ढोबळमानाने १३०० ते १४०० युनिट देतो. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला पाचच्या आसपास, जुलैत त्याच्या निम्म्यावर.

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर कितीही घेतलं तरी ७८,०००. दोन किलोवॅटपर्यंत सरकारचा हात मोकळा आहे, पुढे तो आखडतो. टप्प्यांच्या दराचं गणितही त्याच बाजूने झुकतं, म्हणून महिन्याला २०० ते ३५० युनिट वापरणाऱ्या घराला मी २ किलोवॅट सुचवतो. दोन एसी, विहिरीचा पंप, इलेक्ट्रिक स्कूटर असं सगळं असेल तर ३.

३ किलोवॅटचा संच बाजारात पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या घरात पडतो. अनुदान वजा जाता समजा सव्वा लाख तुमच्या खिशातून गेले आणि वर्षाला ४००० युनिट मिळाले. वाचलेल्या युनिटची सरासरी किंमत ५ रुपये पडत असेल तर वर्षाला वीस हजार, सहा-सात वर्षांत वसूल. तीच सरासरी ३ रुपये असेल तर दहा वर्षांवर जाते. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरा. ही सरासरी तुमच्या बिलावरून तुम्हीच काढा, दुसऱ्याच्या घरचा आकडा घेऊ नका. स्थिर आकार सोलरनंतरही भरावाच लागतो, त्यामुळे "बिल शून्य" हे जाहिरातीपुरतं.

राज्याच्या योजना आणि त्यांची सध्याची स्थिती गेडाच्या (गोवा ऊर्जा विकास संस्थेच्या) कार्यालयात विचारा. तिथे एक फेरी मारणं फोनवरच्या दहा एजंटांपेक्षा उपयोगी.

कोटेशन वाचताना

निदान तीन वेंडरांकडून लेखी कोटेशन घ्या, आणि ते योजनेच्या यादीतले असल्याची खात्री पोर्टलवर करा. अनुदान हवं असेल तर पॅनल भारतात बनवलेल्या सेलचीच लागतात, त्यांना बाजारात डीसीआर म्हणतात. ती थोडी महाग असतात. कोणी फारच स्वस्त देत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुना दर लावलेला नाही ना तेही पाहा.

गोव्यात पॅनलच्या कंपनीपेक्षा सांगाडा जास्त महत्त्वाचा, आणि कोटेशनमध्ये त्याला जेमतेम एक ओळ असते: "जीआय स्ट्रक्चर". ती ओळ सविस्तर लिहून मागा. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेलं आणि थर ८० मायक्रॉनचा. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे, समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर ३१६. किनाऱ्यावरच्या गावांत दोन पावसाळे काढलेल्या सांगाड्याकडे नीट पाहिलं तर गंज पत्र्यावर सुरू झालेला दिसत नाही. तो कापलेल्या टोकाला, ड्रिलच्या भोकाला आणि वेल्डिंगच्या सांध्याला धरलेला असतो, म्हणजे जिथे कारागिराने जागेवर घासलं तिथे. त्यामुळे सांगाडा जागेवर वेल्ड करायचा नाही, नटबोल्टनेच जोडायचा, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला झिंकचा लेप लावायचा हे कामाच्या दिवशी उभं राहून करून घ्या. किनाऱ्याजवळ पॅनलला खाऱ्या हवेची, म्हणजे आयईसी ६१७०१ ची चाचणी झालेली असावी. पणजी परिसरासाठी इमारतींच्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलेला आहे. सांगाडा त्यासाठी बनवलेला असल्याचं लेखी घ्या.

अर्थिंगकडे असंच लक्ष हवं. आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाला एक, पॅनलच्या बाजूला एक, घरच्या बाजूला एक, अशा तीन वेगळ्या अर्थिंग. आपली जमीन चिऱ्यांची, पाऊस सरला की कोरडी ठणठणीत, आणि मे-ऑक्टोबरातल्या गडगडाटात विजा जास्त. नुसता लोखंडी गज ठोकून भागत नाही, केमिकल अर्थिंग घालायला लावा. पॅनलच्या आणि घरच्या, दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारी उपकरणं) हवेत.

पैसे टप्प्यांत द्या. थोडे आगाऊ, मोठा भाग सामान घरी आल्यावर, आणि निदान दहा टक्के नवा मीटर बसून संच चालू झाल्यावर. योजनेत पाच वर्षांची देखभाल वेंडरवर आहे, ती करारात लिहिलेली हवी.

वीज गेली की सोलरही जातो

हे ऐकून बरेच जण चकित होतात. मीटरला जोडलेला साधा संच वीज खात्याचा पुरवठा गेला की आपोआप बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे, दोष नाही. पावसाळ्यात चुडत तारेवर पडून तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात बॅकअपही हवा असेल तर दोन मार्ग. घरात वीज गेल्यावर चालणारा आधीचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी असेल तर ती तशीच ठेवा. दिवे, दोन-तीन पंखे, वायफाय चालतात. फ्रिजसुद्धा रात्रभर चालायचा असेल तर हायब्रिड (पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि ५ युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ३०० वॅटच्या भारावर ती बारा-चौदा तास देते. मात्र बॅटरीला अनुदान नाही आणि तिच्याने वसुलीचा काळ लांबतो. मी तिला सोयीचा खर्च समजतो, बचतीचा नव्हे. मागाहून बॅटरी जोडायचा विचार असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आत्ताच घ्या.

अर्ज ते अनुदान

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य गोवा, कंपनी म्हणून वीज खातं निवडा आणि बिलावरचा सीए नंबर (ग्राहक क्रमांक) टाका. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी धरली जाते. ५ किलोवॅटपर्यंत वाहिनी किंवा ट्रान्सफॉर्मर सुधारावा लागला तर तो खर्च खात्याचा. तुमच्याकडे कोणी त्यासाठी पैसे मागितले तर लेखी कारण मागा.

मंजुरी आली की पोर्टलवरूनच वेंडर निवडा, करार करा, मग काम. कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कमी व्याजाचं कर्ज राष्ट्रीयीकृत बँका देतात, तोही अर्ज तिथूनच जोडता येतो. पॅनल बसल्यावर वेंडर फोटो आणि क्रमांक चढवतो. ते क्रमांक पॅनलमागच्या पट्टीवरून स्वतः टिपून घ्या, एकदा पॅनल घट्ट बसलं की मागे हात जात नाही. मग खात्याची तपासणी, दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर, संच चालू झाल्याचा दाखला आणि शेवटी पोर्टलवर बँक तपशील. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. "अनुदान आम्हीच घेऊ, तुम्ही कमी द्या" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. मे महिन्यात सगळ्यांना एकदम जाग येते, वेंडर मिळत नाहीत, आणि जूनमध्ये ओल्या कौलांवर कोणी चढू नये.

नंतरची देखभाल

पाऊस पॅनल धुतो हे अर्धंच खरं. चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ धरते, ती ऑक्टोबरात मऊ फडक्याने काढा. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात रस्त्यालगत घर असेल तर हिवाळा-उन्हाळ्यात लाल धूळ दर पंधरवड्याला धुवावी लागते. आंब्याखाली मोहोराचा चिकट थर बसतो. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारा, तापल्या काचेवर कधीच नाही. फोंडा-सत्तरीत माकडांचा उपद्रव असेल तर वायरी पाइपातून न्या, लोंबती वायर दिसली की ती ओढतातच.

मेअखेरीला सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि घराच्या विमा पॉलिसीत संचाची नोंद आहे का पाहा. महिन्याचं उत्पादन इन्व्हर्टरच्या अॅपवरून एका वहीत उतरवत जा. नोव्हेंबरचा आकडा जुलैच्या जवळपास दिसला तर कुठेतरी माळ तुटली आहे, फ्यूज उडाला आहे किंवा मधल्या काळात एखादा माड उंच झाला आहे. त्याच आठवड्यात वेंडरला लेखी कळवा. पाच वर्षांच्या देखभालीत ते काम त्याचं आहे.